भरलेलं वजन, खाली वजन

दिवाळी आटोपली की मौदा तालुक्यात रस्त्यारस्त्याने धानाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. पेंचच्या नहरावर भिजणाऱ्या बांध्या तोवर कापून, चुरून झालेल्या असतात आणि घरातलं सगळं बोलणं एकाच प्रश्नावर येऊन थांबतं: किती झालं? काही वर्षांपासून मी याचं उत्तर धान विकायला नेण्याआधीच धरमकाट्यावर काढून घेतो. नागपूर-भंडारा महामार्गावर, म्हणजे जुन्या सहा नंबरवर, ज्याचा नंबर आता ५३ झाला, रेतीचे टिप्पर, एनटीपीसीच्या राखेचे बल्कर आणि भंगाराचे ट्रक यांच्या रांगेत माझा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट उभा राहतो. त्या रांगेत आणि त्या लोखंडी पाट्यावर जे उमगत गेलं, ते इथे मांडतो आहे.

१. रिकाम्या ट्रॉलीचं वजन दर वेळी नव्याने घ्यावं लागतं. धानाचं वजन काटा कधी दाखवतच नाही. तो भरलेली गाडी दाखवतो, मग खाली गाडी दाखवतो. धान म्हणजे या दोन आकड्यांमधली वजाबाकी. म्हणून खाली वजनात जी चूक असेल ती सगळीच्या सगळी धानाच्या माथी बसते. आणि खाली ट्रॉली तरी कुठे एकसारखी असते? बांधीतून निघाली की चाकांना काळी माती लिंपलेली असते, पाऊस झाला असेल तर तळाच्या फळ्या पाणी प्यायलेल्या असतात. ताडपत्री, दोरखंड, जॅक, स्टेपनी कधी गाडीत असतात, कधी घरी. ५० लिटरच्या भरलेल्या टाकीतलं डिझेलच चाळीस किलोच्या वर जातं, म्हणजे खरेदी केंद्रावरच्या एका कट्ट्याएवढं. भरून नेताना मागे दोन माणसं बसली होती आणि खाली गाडी मोजताना ती चहाला गेली, तर ती दोन्ही माणसं धान म्हणून मोजली गेली. गेल्या हंगामाची पावती दाखवून ‘ट्रॉलीचं वजन इतकंच आहे’ असं कोणी म्हटलं, की मी नम्रपणे आजचं वजन मागतो.

२. काट्यावर घाई चालत नाही. चाकं पाट्यावर चढली की आकडा वरखाली नाचतो. इंजिन सुरू असेल तर त्याच्या थरथरीने शेवटचा आकडा ठरतच नाही. आमच्या इथला काट्यावरचा मुलगा खिडकीतून हात काढून सांगतो, ‘काकाजी, थोडी समोर घ्या. बस्स. आता बंद करा अन् खाली उतरा जी.’ मी उतरतो, गाडीला एक फेरी मारतो, सगळी चाकं पाट्याच्या आत आहेत ना ते बघतो. मागचं चाक चार बोटं जरी पाट्याच्या काठावर टेकलेलं असेल, तरी तेवढं वजन काठच उचलतो. पाटा आणि बाजूचं सिमेंट यांच्यामधली फट हीसुद्धा बघण्याची जागा आहे. तिथे खडा अडकला किंवा चिखल वाळून बसला, तर पाटा मोकळा खाली दबत नाही.

३. एकूण वजन कळलं म्हणजे वजन कळलं असं होत नाही. ते कुठे बसलंय हेही बघावं लागतं. सगळ्यात जास्त चकित मला या गोष्टीने केलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझी ट्रॉली दोन चाकांची आहे. तिचा सगळा भार तिच्या चाकांवर पडत नाही, काही भार हुकावरून ट्रॅक्टरवर येतो. किती येतो ते बघायचं म्हणून रांग नसताना वेगवेगळी वजनं घेतली. ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली मिळून ७,८४० किलो. मग पिन न काढता ट्रॅक्टर पाट्याच्या पलीकडे घेतला, फक्त ट्रॉलीची चाकं पाट्यावर ठेवली: ५,०६०. म्हणजे ट्रॅक्टरच्या चार चाकांखाली २,७८०. नंतर ट्रॉली सोडून नुसता ट्रॅक्टर उभा केला तर तो भरला २,१५०. मधले ६३० किलो हुकावर होते.

इथपर्यंत मनाची तयारी होती. पण मग नुसती पुढची चाकं पाट्यावर घेतली. मोकळ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांखाली ८२० किलो होते. ट्रॉली जोडल्यावर तिथे ६३० उरले. भार वाढवला आणि पुढची चाकं हलकी झाली! कारण साधं आहे. हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे हुकावर दाब पडला की मागच्या चाकांच्या टेकूवर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलू लागतं. पुढून गेलेले १९० किलो मागच्या चाकांवरच जाऊन बसतात. हुकावर ६३० ठेवले, मागच्या टायरांवर ८२० वाढले. नहराच्या पाळीवर चढताना स्टीअरिंग हातात हलकं हलकं का लागतं, याचं उत्तर मला त्या पावत्यांवर मिळालं.

असं तुकड्यातुकड्याने मोजताना एक पथ्य मात्र आहे: काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन पाट्याच्या पातळीत हवी. उतारावर अर्धी गाडी उभी असेल तर हुकावरचा भार बदलतो आणि बेरीज जुळत नाही. विकण्यासाठीचं वजन घ्यायचं असेल तर सगळी गाडी एकदमच पाट्यावर हवी.

४. हे सगळं आमच्या बापजाद्यांना काट्याशिवाय ठाऊक होतं. बंडी भरताना आजोबा मध्येच थांबून धुरी हाताने उचलून बघत. पुढे भार जास्त झाला तर तो बैलांच्या मानेवर यायचा, मागे जास्त झाला तर बंडी उलाळ होऊन जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्याला जोतं आवळायचं. दोन्हींत बैल बोलायचा. पाय अडखळायचा, मान झटकायचा. त्यामुळे दोन पोती पुढे, एक मागे असं करत भार बरोबर चाकाच्या आसावर आणून, थोडासा पुढे झुकता ठेवायचा. ट्रॅक्टर ५० हॉर्सपॉवरचा असतो आणि तक्रार करत नाही, म्हणून आपण फाळक्यापर्यंत कट्टे रचत जातो. मी आता पुढच्या भिंतीला टेकून उंच थप्पी लावत नाही. आसावर थप्पी उंच, दोन्ही टोकांना उतरती. त्यानंतर हुकावरचा भार पुष्कळ उतरला. पण अगदी संपवायचाही नाही: भार मागे गेला की हुक वर ओढला जातो, ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि ट्रॉली रस्त्यावर शेपटी हलवत चालते.

५. डोळ्यांवर विसंबू नये. तणसाची ट्रॉली रस्ता अडवून चालते, पण काट्यावर गेली तर धानाच्या अर्ध्या ट्रॉलीचीही बरोबरी करत नाही. उलट रेतीची ट्रॉली फाळक्याच्या खालीच दिसते आणि टायर बसवून टाकते.

६. आपण धानाबरोबर पाणीही मोजतो. सरकारी खरेदीत धानाची आर्द्रता १७ टक्क्यांच्या आत लागते. समजा २० टक्के ओलावा असलेलं धान ४,००० किलो भरलं. ते उन्हात पसरून १७ टक्क्यांवर आणलं, तर एक दाणाही सांडला नाही तरी काटा ३,८५५ च्या आसपासच दाखवील. जवळजवळ दीड क्विंटल उन्हाने नेलं. घरी हा हिशेब सांगितला तेव्हा आई गप्प झाली. तिला वाटलं, कुठेतरी चोरी झाली. मग तिनेच मूठभर धान दाताखाली धरून फोडून बघितलं आणि म्हणाली, ‘आता वाजते. मंगा ओलंच होतं.’ तेव्हापासून पावतीच्या मागे मी त्या दिवशीचा ओलावाही लिहितो. त्याच्याशिवाय दोन वजनांची तुलना करण्यात अर्थ नाही. कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याआधी मधले उन्हाचे दिवस मोजावेत, असं मला मनापासून वाटतं. गावातली किती भांडणं तिथेच मिटतील.

७. काट्यालाही परीक्षा असते, आणि ती विचारायला लाजू नये. वैधमापन कायदा २००९ चा आहे, आणि त्याच्या नियमांप्रमाणे अशा काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते. पडताळणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. मी रांगेत असताना ते वाचतो. काट्याच्या माणसाला राग येत नाही. उलट चांगला काटेवाला स्वतःच बोट दाखवतो. पाट्याखाली ठिकठिकाणी लोड सेल बसवलेले असतात. आत पोलादाचा तुकडा, भाराने तो केसभर वाकतो, त्या वाकण्याने त्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युत रोध बदलतो, आणि खोलीतल्या खिडकीत आकडा उमटतो. इतक्या वजनदार कामाचा सगळा भरवसा इतक्या बारीक हालचालीवर आहे, याचं मला अजून नवल वाटतं. सगळे सेल सारखे लावलेले असतील, तर तीच गाडी पाट्याच्या या टोकाला, मध्ये आणि त्या टोकाला सारखीच भरते. रात्री गर्दी नसेल तर एवढं बघायला कुणी नाही म्हणत नाही.

एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. आमचा काटा दहा-दहा किलोंनीच पुढे सरकतो. शेवटचा आकडा नेहमी शून्य. ट्रॉलीभर धानाला त्याने फरक पडत नाही, पण एकदोन कट्टे मोजायला तिथे जाऊ नये.

८. छोट्या काट्यांची बेरीज मोठ्या काट्याशी जुळवून बघावी. खरेदीच्या ठिकाणी कट्टा कट्टा मोजतात, साधारण चाळीस किलोचा. दर कट्ट्यामागे अर्धा किलो जास्त गेलं तर हाताला कळत नाही, डोळ्याला तर नाहीच. शंभर कट्ट्यांत ते पन्नास किलो होतं. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये होता, म्हणजे जवळजवळ बाराशे रुपये. माझ्याजवळ धरमकाट्याची पावती असते, म्हणून बोलणं चढत नाही. ‘भाऊ, बारदान्याचं वजन वजा करून पुन्हा एकदा बघू का?’ एवढंच म्हणतो, आणि बहुतेक वेळा समोरचाही बघतो. पावती खिशात असली की कास्तकाराला हात जोडावे लागत नाहीत. माझ्या लेखी काट्याचं खरं मोल हेच.

९. अमेरिकेत राहणारा भाचा सुट्टीत आला होता. तिकडे लोक गाडीमागे चाकांवरचं घर जोडून फिरायला निघतात आणि निघण्याआधी महामार्गावरच्या ट्रकच्या काट्यावर ते सगळं मोजून घेतात. तिथे पाटा एकसंध नसतो, तुकड्यांचा असतो. पुढचा आस, मागचा आस, मागची गाडी अशी वेगवेगळी वजनं एकाच थांब्यात मिळतात. मी पुढे-मागे करून घेतलेल्या पावत्या त्याने बराच वेळ हातात धरून पाहिल्या आणि म्हणाला, ‘मामा, आम्ही हेच करतो.’ मला बरं वाटलं. तिकडे सहलीसाठी जी काळजी घेतात, ती आमच्याकडे पिकाच्या ट्रॉलीसाठी का घेऊ नये?

१०. शेवटी ब्रेकचं. हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. माझ्या त्या फेरीत ट्रॅक्टर २,१५० किलोचा आणि ट्रॉली धानासकट ५,६९० किलोची होती. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. आमच्या गावातल्या कुठल्याच ट्रॉलीला नाही. म्हणजे पावणेआठ टनांहून जास्त भार थांबवायचं काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ११३ भाराची मर्यादा घालतं, ११४ प्रमाणे संशय आला तर अधिकारी गाडी पुढच्या वाटेवरच्या दहा किलोमीटरच्या आतल्या काट्यावर न्यायला सांगू शकतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्तीच्या भाराला २० हजार रुपये दंड, वर दर जादा टनाला दोन हजार. दंडाच्या भीतीने लोक आडवाटेने जातात, तेही अंधारात. मी माझ्या मुलाला दंडाचं सांगत नाही. त्याला ट्रॉलीची पावती हातात देतो, ट्रॅक्टरची पावती हातात देतो आणि म्हणतो, आता तूच सांग, ट्रक समोर एकदम थांबला तर कोण कुणाला ढकलेल?

त्याने यंदा दोन फेऱ्यांचं धान तीन फेऱ्यांत नेलं. डिझेल जास्त लागलं, शेजाऱ्यांनी विचारलंही. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावले आणि फाळक्यावर रंगाने खाली वजन लिहून घेतलं, शेजारी तारीख. पुढच्या हंगामाआधी ती तारीख खोडून नवी घालायची आहे.