वहीतले आकडे आणि आमच्या मुली

गेल्या काही वर्षांपासून 'डेटा सायन्स' हा शब्द मुलामुलींच्या तोंडी सारखा ऐकू येतो. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, पुढची सारी उमर कापडाच्या पेढीवर गेली. त्यामुळे हे एखाद्या मोठ्या यंत्राचे नाव असावे असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. तसे नाही. जमा झालेल्या आकड्यांतून कामाची गोष्ट शोधून काढण्याचा हा हुनर आहे. आकडे वहीतले असोत, बँकेतले असोत की दवाखान्यातले, काम तेच. या कामात आमच्या मुली याव्यात, शिकून घरी न बसता रोजगारात याव्यात, हे आज व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे मांडायचे आहे.

विणकरांना तर हे परके वाटू नये. १८०४ साली फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्ड याने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालणारी मागाची युक्ती काढली. छिद्र असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. काठाच्या नक्षीसाठी आपण ज्याला जकार्ड म्हणतो ते हेच. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणितयंत्राच्या आराखड्यात हेच पत्ते घेतले, आणि त्या यंत्राकडून आकडेमोड कशी करवून घ्यावी हे १८४३ मध्ये पायरीपायरीने लिहून छापले ते एका बाईने, एडा लव्हलेस यांनी. अमेरिकेची १८९० ची खानेसुमारीही छिद्रांच्या पत्त्यांवरच मोजली गेली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आपण परिचारिका म्हणून ओळखतो. लढाईत सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले, हे त्यांनी १८५८ मध्ये तक्ता काढून सरकारला दाखवले होते. शाळेत आम्हांला त्यांचा दिवा शिकवला, तक्ता नाही.

आता घरची गोष्ट. आमची पुतणी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. पुण्याच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली. घरात बैठक बसली, थोरल्यांनी नकार दिला. आम्हीही, खोटे कशाला बोला, 'कापडवाल्याच्या मुलीला नोकरीची काय गरज' असे म्हणून मोकळे झालो. ती काही बोलली नाही.

त्याच वर्षी आमची रक्कम बाजारात अडकली. माल विकला गेलेला, तरी सूतवाल्याचे देणे उभेच. मुनीमजी रोज म्हणत, वसुली येईल. एके दिवशी पुतणी म्हणाली, "चाचा, तीन वर्षांची बिले मला द्या."

पहिले पंधरा दिवस नुसती नावे सारखी करण्यात गेले. एकच पार्टी कुठे 'हाजी साहेब', कुठे दुकानाच्या नावाने, कुठे फक्त गावाच्या नावाने लिहिलेली. एकच पॉपलिन तीन नावांनी. या विद्येत बराचसा वेळ अशा साफसफाईतच जातो, हे तेव्हा कळले. मग तिने प्रत्येक बिलापुढे तीन तारखा मांडल्या: माल गेला कधी, पैसे ठरले कधीचे, आले कधी. ज्या पार्टीला आम्ही खुर्ची देऊन चहा पाजत होतो, तिचा वायदा ६० दिवसांचा आणि पैसे सरासरी १४० दिवसांनी. आम्ही सुताच्या उधारीवर भरलेले व्याज त्यात घातले, तेव्हा दर ताग्यामागे पदरचे जात होते. उलट आठवडी बाजारचे लहान दुकानदार, ज्यांना आम्ही उभ्यानेच वाटेला लावत होतो, ते तीन आठवड्यांत पैसे चुकते करीत होते. अमुक पार्टी उशिरा देते हे आम्हांला ठाऊक होते. तो उशीर किती रुपयांना पडतो, हे तीस वर्षांत बिलांना विचारले नव्हते.

आम्ही उधारी आवळली, कारोबार सावरला. पण ज्या मुलीला नोकरीची गरज नाही म्हटले, तिच्याकडून दीड महिना फुकट काम करून घेतले, हेही लिहिले पाहिजे. पुण्याची जागा तोवर भरली होती. तिचे एक वर्ष आम्ही वाया घालवले. पुढच्या वर्षी दुसरीकडे जागा मिळाली तेव्हा तिचे वडील स्वतः जाऊन हॉस्टेल पाहून आले. आज ती विमा कंपनीत दाव्यांचे आकडे तपासते.

ज्यांच्या घरी मुली शिकत आहेत त्यांनी गणित सुटू देऊ नये. जवळच्या कॉलेजात सायन्स नाही म्हणून मुलगी आर्ट्सला गेली तरी वाट बंद होत नाही. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. बारावी कोणत्याही शाखेची चालते, दहावीत गणित व इंग्रजी असावे लागते. आधी काही आठवडे शिकवून त्यांचीच पात्रता परीक्षा होते. महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी व ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असल्यास, सरकारी प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. अनेक विणकर कुटुंबे ओबीसीत येतात, पण दाखले ऐनवेळी धावपळ करून मिळत नाहीत. नववी-दहावीतच काढून ठेवावेत. पायथन आणि आर ही लागणारी साधने फुकट मिळतात. 'नोकरीची हमी' देऊन लाखाची फी मागणाऱ्या क्लासपासून मात्र दूर राहावे.

घरून काम करू दे, मग परवानगी देतो, असे काही पालक म्हणतात. असे काम असते, नाही असे नाही. पण नवा कारागीर उस्तादाच्या शेजारी बसूनच शिकतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पहिली एक-दोन वर्षे तिला माणसांत काम करू द्यावे. तिच्या जाण्यायेण्याची आणि राहण्याची सोय पाहणे हे आपले काम.

सरावासाठी दुकानाची बिले द्यावीत. गिऱ्हाइकाचा हिशेब ही अमानत आहे, नावे-फोन बाहेर जाऊ नयेत, एवढे बजावावे. आणि कामाचा मोबदला द्यावा.

धाकटी पुतणी यंदा बारावीला आहे. दरमहा पगार घेऊन ती आमच्या नोंदी पाहते. सगळ्या पार्ट्यांची ठरलेली नावे लिहून तिने पेढीवर कागद लावला आहे. मुनीमजी कुरकुरतात, पण त्यात पाहूनच लिहितात. मागच्या आठवड्यात आम्हीच घाईत 'हाजी साहेब' लिहिले. संध्याकाळी ते पान आमच्यापुढे परत आले.