तीन दाढा गेल्या, इम्प्लांट किती?

खालच्या एका बाजूच्या तीन दाढा गेलेल्या. एक डॉक्टर तीन इम्प्लांट सांगतात, दुसरे दोन. मग रुग्ण गोंधळतो आणि विषयच बाजूला ठेवतो. तसं करू नका. वर्ष-दोन वर्षं जागा रिकामी राहिली की समोरची दाढ त्या पोकळीत उतरू लागते, हाड झिजतं आणि उपचार अवघड होतो.

मागे एकही दाढ उरली नसेल, तर शेजारचे दात घासून बसवायचा नेहमीचा ब्रिज शक्य नसतो. उरतात काढघालीची कवळी किंवा इम्प्लांट. पैशांची अडचण असेल तर कवळी जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त चावण्याचा जोर तिच्यात कमी पडतो.

लागून असलेल्या तीन दाढांसाठी दोन टोकांना दोन इम्प्लांट आणि वर तीन दातांचा ब्रिज पुरतो, असं माझं मत आहे. खर्च आणि चिरफाड दोन्ही कमी. प्रत्येक दाढेला वेगळा इम्प्लांट असला की साफसफाई सोपी जाते आणि एक निकामी झाला तरी बाकीचे शाबूत राहतात; पण त्यासाठी हाड भरपूर लागतं, कारण दोन इम्प्लांटमध्ये साधारण ३ मिलिमीटर अंतर हवं. अगदी शेवटची दाढ बसवलीच पाहिजे असंही नाही. पहिल्या मोठ्या दाढेपर्यंत दात असले तर बहुतेकांचं जेवण व्यवस्थित होतं. इम्प्लांट आणि स्वतःचा दात एकाच ब्रिजमध्ये जोडणं मात्र शक्यतो टाळावं: दात हाडात किंचित हलतो, इम्प्लांट हलत नाही.

खरा निर्णय सीबीसीटी स्कॅनवर, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवर होतो. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस असते. तिच्यापासून निदान २ मिलिमीटर दूर राहावं लागतं, नाहीतर ओठ बधिर होऊ शकतो. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. तिथे हाड कमी असेल तर सायनस उचलून हाड भरतात किंवा आखूड इम्प्लांट वापरतात. हाड भरलं की काही महिने वाढतात. एरवीही इम्प्लांट हाडात पक्का व्हायला साधारण तीन ते सहा महिने जातात. झटपट दातांच्या जाहिराती पाहून दाढांच्या बाबतीत घाई करू नका.

इम्प्लांट बसवण्याआधी, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा. तंबाखू, गुटखा, मिश्री बंद करा. हाडं ठिसूळ होण्यावरच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. ब्रिजखाली रोज बारीक ब्रश फिरवायची तयारी ठेवा. तिथे घाण साचली की इम्प्लांटभोवतीचं हाड खाल्लं जातं, आणि दुखत नसल्यामुळे ते उशिरा कळतं.

काम झाल्यावर इम्प्लांटची कंपनी, लांबी-जाडी आणि बॅच क्रमांक लिहिलेलं कार्ड मागून घ्या. पुढे कधी स्क्रू ढिला झाला, तर दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनाही त्यावरून नेमका भाग मागवता येतो.