बागेतील मोझेकची पायवाट : इतिहास, कृती आणि शिकवण

निवासी शाळेच्या आवारात वर्गखोल्यांइतकेच शिक्षण बागेतही घडत असते. बाग म्हटली की पायवाट आलीच. अशी पायवाट फुटक्या लाद्यांच्या तुकड्यांतून सुंदर आणि टिकाऊ कशी करता येईल, तिच्यामागे कोणता इतिहास उभा आहे, आणि विद्यार्थ्यांनी त्यातून काय शिकावे, याचा विचार या लेखात केला आहे.

बौद्ध परंपरेत चालण्याच्या वाटेला स्वतंत्र स्थान आहे. पाली भाषेत तिला 'चंकम' म्हणतात. विनयपिटकातील चुल्लवग्गात तिची हकीकत येते. वैशाली येथे भिक्खू आजारी पडू लागले, तेव्हा वैद्य जीवकाने त्यांच्यासाठी चंकम असावा, अशी विनंती भगवान बुद्धांना केली. बुद्धांनी ती मान्य केली. पुढचा भाग बांधकामाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. चंकम खडबडीत असल्याने पाय दुखू लागले, तेव्हा तो सपाट करण्याची अनुज्ञा मिळाली. तो सखल असल्याने पाणी साचू लागले, तेव्हा तो उंच करून विटा, दगड किंवा लाकडाने बांधून घेण्याची अनुज्ञा मिळाली. चालताना भिक्खू पडू लागले, तेव्हा कठड्याची अनुज्ञा मिळाली. अडचण पाहावी, तिचे कारण शोधावे आणि मग उपाय करावा, हीच ती पद्धत. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यांत आरोग्य, पचन आणि चित्ताची एकाग्रता यांचा समावेश आहे.

सजावटीच्या फरसबंदीचे एक उत्तम प्राचीन उदाहरण काश्मीरमध्ये श्रीनगरजवळ हारवन येथे आहे. तेथील चापाकार बौद्ध मंदिराभोवतीचे अंगण भाजलेल्या मातीच्या, साच्यातून काढलेल्या लाद्यांनी मढवलेले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रामचंद्र काक यांनी केलेल्या उत्खननात ते उजेडात आले. या लाद्यांवर फुले, पक्षी आणि माणसे यांच्या आकृती आहेत. कोणती लादी कोठे बसवायची हे कळावे म्हणून त्यांवर खरोष्ठी लिपीतील अंकही घातलेले आहेत. म्हणजे आधी आराखडा, मग क्रमांक आणि नंतर काम, हा शिस्तीचा धडा तेथील कारागिरांनी आपल्याला देऊन ठेवला आहे. आधुनिक काळातील उदाहरण चंदीगडच्या रॉक गार्डनचे. रस्ते निरीक्षक म्हणून नोकरी करणाऱ्या नेकचंद यांनी फुटक्या लाद्या, कपबश्या आणि बांगड्या यांतून एकट्याने एक सृष्टी उभी केली. ती बाग १९७६ साली लोकांसाठी खुली झाली. मुंबईत गच्चीवर फुटक्या पांढऱ्या लाद्यांचे जे 'चायना मोझेक' करतात, तेही याच घराण्यातले.

पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाट म्हटली की आणखी काही आठवले पाहिजे. पेशवाईतील पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून आपल्याच पावलांच्या खुणा पुसत चालावे लागे, याची नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात केली आहे. १९२४ साली केरळात वायकोम येथे मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे, एवढ्यासाठी सत्याग्रह करावा लागला. २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो लोक चवदार तळ्याकडे चालत गेले. म्हणून आपल्या बागेतील वाटेची पहिली कसोटी तिचे रंग ही नाही. पहिलीतले मूल, काठी टेकणारी आजी, चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी आणि पावसात घाईने येणारी स्वयंपाकीण, या सर्वांना तिच्यावरून निर्धास्त जाता आले पाहिजे. सजावट त्यानंतर.

आता कृती पाहू. बुवापाड्याच्या परिसरात पावसाळा मुसळधार असतो. म्हणून काम दिवाळीनंतर घ्यावे आणि उन्हाळ्याआधी पुरे करावे. वाटेची रुंदी किमान ३ फूट, शक्य असल्यास ४ फूट ठेवावी. दोरी लावून सुमारे ५ इंच खोदावे. तळाशी ३ इंच मुरूम व खडी घालून पाणी मारावे आणि धुम्मसाने घट्ट ठोकावी. कडेला विटा उभ्या लावाव्यात. वर १:३:६ प्रमाणाचे ३ इंच काँक्रीट टाकावे आणि दर ८ ते १० फुटांवर सांधा सोडावा. ३ फूट रुंदीला एका बाजूस सुमारे २ सेंटिमीटर उतार पाणसळीने तपासून द्यावा. अशा रीतीने वाट जमिनीपेक्षा इंच-दोन इंच उंच राहते. मात्र दोन्ही टोकांना पायरी न ठेवता ती जमिनीला अलगद मिळवावी.

काँक्रीटवर निदान ७ दिवस पाणी मारल्यावर तुकडे बसवावेत. आपल्या भागात सतत बांधकामे चालू असतात, त्यामुळे उरलेल्या लाद्या सहज मिळतात. निवड मात्र डोळसपणे करावी. भिंतीच्या चकचकीत लाद्या ओल्या झाल्या की निसरड्या होतात, त्या फक्त किनारीला वापराव्यात. चालण्याच्या भागात खरखरीत लाद्या, कडप्पा आणि शहाबादीचे तुकडे घ्यावेत. लाद्या गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडाव्यात. हे काम चष्मा आणि हातमोजे घालून मोठ्यांनीच करावे. नक्षी आधी जमिनीवर कोरडी मांडावी आणि हारवनप्रमाणे क्रमांक द्यावेत. तुकडे भिजवून १:४ सिमेंट-वाळूच्या मालात बसवावेत, फळी ठेवून हलके ठोकावेत, म्हणजे कोणतेही टोक वर राहत नाही. व्हिट्रिफाइड लादी पाणी शोषत नाही, तिला साधा माल नीट धरत नाही, म्हणून टाइल चिकटवण्याचे खास रसायन वापरावे. दुसऱ्या दिवशी दरजा भरून ओल्या फडक्याने पुसावे. नंतर आठवडाभर ओले गोणपाट टाकून ठेवावे. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, म्हणून मुलांचे हात त्यात जाऊ देऊ नयेत.

नक्षीत पाने, लाटा आणि भूमितीचे आकार घ्यावेत. धम्मचक्र, अशोकचक्र किंवा महामानवांची नावे पायाखाली येतील अशी कोरू नयेत. दर मीटरला एक वेगळ्या रंगाची पट्टी टाकली, तर तीच वाट गणिताची फळा होते.

विद्यार्थ्यांनी मोजमाप, हिशेब, आराखडा आणि कोरडी मांडणी करावी. गवंड्याच्या शेजारी उभे राहून त्यांनी पाणसळ आणि ओळंबा पाहावा, गवंड्याला 'सर' म्हणून प्रश्न विचारावेत. जातिव्यवस्था ही केवळ श्रमविभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी दाखवून दिले. ज्या मुलाने वही आणि थापी या दोन्हींचा सन्मान केला, त्याला हा विचार समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

१० फूट लांब व ३ फूट रुंद, म्हणजे ३० चौरस फुटांचा एक भाग एका तुकडीला पेलण्याजोगा आहे. माजी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने दरवर्षी एवढा एक भाग उचलावा, पालकांपैकी जे गवंडीकाम जाणतात त्यांनी शिक्षक म्हणून उभे राहावे, आणि वसतिगृहापासून वाचनालयापर्यंतची वाट काही वर्षांत पुरी करावी, अशी विनंती आहे.