पूर ओसरल्यानंतरची रुग्णसेवा

शनिवार, दि. २२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टीने हाहाकार उडाला. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला आणि अडकलेल्या ग्रामस्थांसाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना पाचारण करावे लागले. माणसे सुखरूप बाहेर आली की संकट टळले, असे आपण मानतो. वैद्यकीय अनुभव मात्र निराळे सांगतो. पुराचे दुसरे संकट पाणी ओसरल्यानंतर येते, आणि ते ठरलेल्या क्रमाने येते.

या संदर्भात मुंबईचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. दि. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या आपत्तीत राज्यात एक हजारांहून अधिक माणसे दगावली. काही दिवसांत पाणी उतरले. परंतु ऑगस्टमध्ये रुग्णालये तापाच्या रुग्णांनी भरून गेली. त्यांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण लक्षणीय होते. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून वा जखमेतून शरीरात शिरतात. ताप साधारणतः ५ ते १४ दिवसांनी येतो. वेळीच प्रतिजैविके मिळाल्यास रोग बरा होतो. विलंब झाल्यास मूत्रपिंडे, यकृत व फुफ्फुसे निकामी होऊ शकतात. म्हणूनच पाण्यातून चालत आलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे आवाहन मुंबई महापालिकेचा आरोग्य विभाग पावसाळ्यात करीत असतो.

पुरानंतरच्या आजारांचा हा क्रम आपण ध्यानी ठेवावा :

पहिले दोन दिवस : जखमा, सर्पदंश व विजेचा धक्का.
पहिला आठवडा : दूषित पाण्यामुळे अतिसार व कॉलरा.
दुसरा आठवडा : लेप्टोस्पायरोसिस.
तिसऱ्या आठवड्यापासून : साचलेल्या पाण्यातील डासांमुळे डेंग्यू व हिवताप, पुढे कावीळ.

याखेरीज मधुमेह, रक्तदाब व क्षयरोग यांची औषधे पुरात वाहून जातात. त्यांचा खंड पहिल्या दिवसापासूनच घातक ठरू शकतो.

आपल्या जिल्ह्यात धोका शेतात अधिक आहे. पाणी उतरताच कपाशी-सोयाबीन वाचविण्यासाठी शेतकरी व शेतमजूर अनवाणी चिखलात उतरतात. दहा दिवसांनी ताप भरला, तर तो भिजल्यामुळे आला असे समजून घरीच अंगावर काढला जातो. रुग्णांच्या आप्तांना आमची विनंती आहे, की ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांची लाली किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काही आढळल्यास तत्काळ रुग्णालयात यावे आणि रुग्ण पुराच्या पाण्यात उतरला होता, हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे. त्या एका वाक्याने निदानाचे दोन दिवस वाचू शकतात.

विश्वस्त व दानशूर हितचिंतकांनाही एक नम्र निवेदन. आपत्तीची बातमी वाचून येणारे साहाय्य मोलाचेच असते; परंतु रस्ते बंद झाल्यावर औषध पोहोचत नाही. सर्पविषावरील लस, सलाईन, जलसंजीवनी, क्लोरीन व प्रतिजैविके यांचा साठा मे महिन्याअखेरीस कपाटात असावा लागतो. पुरात प्राण वाचविणारी देणगी बहुधा कोरड्या दिवसांत दिलेली असते.