बे भाषा : सहा लाख माणसं बोलतात, पण वेगळी नोंद नाही!



'भाषा आणि भाषाकुळं' हा घटक शिकवताना आपण नेहमीची उदाहरणं घेतो. इंडो-आर्य कुळात मराठी, हिंदी, बंगाली आणि द्रविड कुळात कन्नड, तेलुगू. फळ्यावर दोन झाडं काढली की तास संपतो. पण दोन भाषा एकाच कुळातल्या आहेत हे ठरवतात कसं? मुलांनी असं विचारलं, तर आज आपण पाहणार आहोत ती भाषा उत्तर द्यायला फार उपयोगी पडते. तिचं नाव 'बे'.

कुठे बोलतात ही भाषा?

चीनच्या दक्षिण टोकाला हैनान नावाचं मोठं बेट आहे. १९८८ पासून तो चीनचा स्वतंत्र प्रांत आहे. या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर लिनगाव जिल्हा, त्याच्या शेजारचा छंगमाई आणि राजधानी हायखौच्या आसपासचा भाग इथे बे भाषा बोलली जाते. बोलणारे सुमारे ६ लाख. चिनी लोक तिला 'लिनगावची बोली' म्हणतात. अभ्यासक तिला 'ओंग-बे' असंही म्हणतात. 'ओंग' म्हणजे माणसं आणि 'बे' म्हणजे गाव. थोडक्यात, 'गावची माणसं'!

नकाशा काढून मुलांना हैनान जरूर दाखवा. व्हिएतनामच्या पूर्वेला समुद्रात ते सहज सापडेल.

भाषा कोणत्या कुळातली?

चीनमध्ये बोलतात म्हणजे चिनीचीच बोली असणार, असं आपल्याला पटकन वाटतं. पण तसं नाही. बे ही 'क्रा-दाई' कुळातली भाषा आहे. थायलंडची थाई, लाओसची लाओ, चीनमधली च्वांग, म्यानमारमधली शान या सगळ्या याच कुळातल्या. १९४२ मध्ये पॉल बेनेडिक्ट यांनी या कुळातल्या काही भाषांसाठी 'कदाई' हे नाव वापरलं होतं. 'क्रा-दाई' हे नाव पुढे थाई अभ्यासक वीरा ओस्तापिरात यांनी २००० साली सुचवलं.

या कुळाचा भारताशीही संबंध आहे बरं का! १२२८ मध्ये सुकाफा आसामात आला, तेव्हा त्याच्याबरोबर आलेली आहोम भाषा याच कुळातली. आहोम लोक हळूहळू असमिया बोलू लागले आणि रोजच्या व्यवहारातून ती भाषा गेली. खामती, फाके या तिच्या भगिनी भाषा ईशान्य भारतात आजही बोलल्या जातात.

नातं ओळखायचं कसं?

आधी आपल्या घरचं उदाहरण घेऊ. फळ्यावर दोन रांगा करा.

मराठी : वीस, वाघ, विंचू, वाट, वाळू
हिंदी : बीस, बाघ, बिच्छू, बाट, बालू

मुलांना विचारा, काय दिसतं? मराठीत 'व' आहे तिथे हिंदीत 'ब' आहे, आणि तेही एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एखादा शब्द योगायोगाने सारखा असू शकतो. पण फरकसुद्धा ठरलेल्या नियमाने होत असेल, तर तो योगायोग नसतो. नात्याचा खरा पुरावा हाच.

आता हीच युक्ती बे भाषेला लावून बघा.

डोळा : थाईत 'ता', बेमध्ये 'दा'
मरणे : थाईत 'ताय', बेमध्ये 'दाय'
मासा : लाओमध्ये 'पा', बेमध्ये 'बा'

तिकडे 'त' तर इकडे 'द', तिकडे 'प' तर इकडे 'ब'. शिवाय पाण्याला दोन्हीकडे 'नाम' आणि पक्ष्याला दोन्हीकडे 'नोक'. (सूर, म्हणजे शब्द उच्चारण्याची चढ-उतार, इथे दाखवलेली नाही. या सगळ्या सुरांच्या भाषा आहेत.)

हे शब्द कसले आहेत तेही बघा. डोळा, पाणी, मासा, मरणं हे रोजच्या जगण्यातले शब्द. असे शब्द माणूस सहसा दुसऱ्याकडून उसने घेत नाही. बटाटा, पाव, चावी हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले, पण म्हणून मराठी पोर्तुगीजची बहीण होत नाही. बे भाषेतही चिनी शब्द भरपूर आहेत. तेवढ्यावरून ती चिनी ठरत नाही.

शेजारधर्म आणि रक्ताचं नातं

इथे एक गंमत आहे. बेमधले 'द' आणि 'ब' आपल्यासारखे नाहीत. ते हवा किंचित आत ओढून उच्चारतात. सिंधी भाषेत असे ध्वनी आहेत. वर्गात कुणी सिंधी बोलणारं मूल असेल, तर त्याला ते करून दाखवायला सांगा.

हेच ध्वनी हैनानमधल्या चिनी बोलीतही सापडतात, आणि ती तर वेगळ्या कुळातली! म्हणजे शेजारी राहून उच्चारही सारखे होऊ शकतात. म्हणून नुसता कानाला सारखेपणा जाणवला एवढ्यावर नातं ठरवायचं नाही. मूळ शब्द आणि त्यांच्यातला नियम तपासायचा.

कुळात बेची नेमकी जागा कोणती यावर अभ्यासकांत अजून चर्चा आहे. १९८८ मध्ये मार्क हॅन्सेल यांनी तिचं थाई गटाशी जवळचं नातं मांडलं. काही जण तिला कुळाची स्वतंत्र शाखा मानतात.

नोंद नसल्याने काय होतं?

चीनमध्ये सरकारमान्य ५६ समाज आहेत. बे बोलणाऱ्यांची गणना मात्र बहुसंख्य हान समाजात होते. कित्येक पिढ्यांपासून त्यांची आडनावं चिनी आहेत, लिहिणं चिनी लिपीत आहे आणि ते स्वतःलाही हान म्हणवतात. यात कुणाची फसवणूक नाही. पण परिणाम बघा. च्वांग लोकांना वेगळा समाज म्हणून मान्यता आहे. त्यांच्या भाषेसाठी १९५७ मध्ये रोमन अक्षरांवर आधारलेली अधिकृत लिपी मंजूर झाली. बे भाषेच्या वाट्याला असं काही आलं नाही. साविना नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने जमवलेला तिचा शब्दसंग्रह छापला गेला तो १९६५ मध्ये, पॅरिसमध्ये, त्याच्या मृत्यूनंतर!

तरीही भाषा जिवंत आहे. घरात आहे, बाजारात आहे, कोळ्यांच्या गाण्यांत आहे. लिनगावच्या बाहुली-नाट्यात तर कलाकार पडद्यामागे लपत नाही. बाहुली हातात घेऊन तो रंगमंचावर येतो आणि तिच्याबरोबर स्वतःही अभिनय करतो.

आपल्यासाठी काय?

समाजाचं नाव आणि घरातली भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बे भाषेवरून कळतं. आपल्या शाळेच्या रजिस्टरमध्येही 'मातृभाषा' हा रकाना असतो. तिथे सवयीने 'मराठी' लिहिण्याआधी पालकांना एकदा विचारा, "घरी काय बोलता?" उत्तर अहिराणी येईल, कोरकू येईल, गोंडी येईल. पालकहो, तुम्हीही संकोच न करता सांगा. पहिलीच्या मुलाला बाईंचं बोलणं का कळत नाही, याचं उत्तर कित्येकदा त्या रकान्यातच असतं.

मुलांसाठी उपक्रम : घरातल्या मोठ्यांना विचारून डोळा, पाणी, मासा, पक्षी, हात, आग या सहा शब्दांना घरच्या बोलीत काय म्हणतात ते लिहून आणा. वर्गात सगळ्यांचे शब्द एका तक्त्यात मांडा. कुठे नियम सापडतो आणि कुठे नुसता उसना शब्द आहे, हे मुलांनाच शोधू द्या.