केलकडूनही शीक, फक्त अलानाकडून नको

अगं, तू अलानाची चारही पुस्तकं संपवलीस आणि आता तुलाही केस कापून मुलगा व्हावंसं वाटतंय, असं काकू म्हणत होत्या. ये, जरा बस. टॅमोरा पिअर्सच्या त्या टॉर्टॉलच्या राज्यात तुझ्या वयाची असताना मीही अशीच हरवले होते, म्हणून तुझ्याशी मोकळं बोलते.

अलाना मलाही फार आवडते. मुलींना सरदारकीचं शिक्षण घ्यायला बंदी, म्हणून जुळ्या भावाच्या जागी ती ‘अ‍ॅलन’ होऊन राजवाड्यात शिरते. लहान चणीची, तरी आपल्याला मारणाऱ्या दांडगटाला हरवायचंच म्हणून लपूनछपून कुस्ती आणि ठोसे शिकते. पण या सोंगाची किंमत बघ. छाती आवळून बांधायची. मुलं पोहायला निघाली की काहीतरी कारण सांगून मागं राहायचं. आणि पाळी येते तेव्हा तिला काही म्हणजे काही माहीत नसतं! आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं वाटून ती घाबरते. शेवटी जॉर्ज या मित्राची आई तिला समजावते. ती पानं वाचताना मला त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं होतं. म्हणून सांगते, मुलांच्या घोळक्यात एकटी जाशील तिथं एक तरी मोठी बाई शोधून ठेव, जिला काहीही विचारता येईल. लाजू नकोस.

आता याच लेखिकेची ‘प्रोटेक्टर ऑफ द स्मॉल’ ही मालिका वाच. पहिलं पुस्तक ‘फर्स्ट टेस्ट’, १९९९ सालचं. यातली केलड्री, म्हणजे केल, मुलगी म्हणूनच दारातून आत जाते. अलानाचं गुपित फुटल्यावर राजानं मुलींना परवानगी दिलेली असते, तरी दहा वर्षं कुणी आलेलीच नसते. केल येते, तर शिक्षणप्रमुख वायल्डन तिला एक वर्ष परीक्षेवर ठेवतो. एकाही मुलाला अशी अट नाही, फक्त तिला. अन्याय आहेच तो, आणि लेखिका त्याला अन्यायच म्हणते. वर अलानानं तिला भेटायचंही नाही, नाहीतर अलानाच्या जादूनं मुलगी जिंकली असं लोक म्हणतील. मग अलाना नाव न सांगता तिला मुक्या मारावरचं मलम पाठवते, चांगला चाकू पाठवते. किती जीव लावणं आहे त्यात!

केलकडे जादू नाही. तिला उंचीची भीती वाटते, लहानपणी भावानं तिला उंचावरून लोंबकळत धरलेलं असतं. वायल्डन तिला मुद्दाम वर चढायला लावतो. ती चढते, पाय लटपटत असतानाही. भाल्याच्या सरावात घोडा दौडवत फिरत्या लक्ष्यावर नेम धरायचा. चुकला की वाळूची पिशवी पाठीत बसते. तिच्या भाल्यात कुणीतरी शिसं भरून ठेवलेलं निघतं. लबाडी कळल्यावरही ती सरावाला तोच जड भाला ठेवते, कारण त्यानं हात तयार होतो. आणि माझी सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे ती रात्रीच्या जेवणाला ठरवून मुलीचा झगा घालून जाते, ‘मी मुलगी आहे, विसरू नका’ हे सगळ्यांना दिसावं म्हणून.

आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतही २०२२ साली मुलींची पहिली तुकडी आली ती मुली म्हणूनच, सोंग न घेता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रवेश परीक्षेचं दार मुलींना उघडलं आणि ३० मे २०२५ ला १७ जणी मुलांसोबत संचलन करून बाहेर पडल्या. तुला जायचं असेल तर आजपासून धावायला लाग आणि गणित टाळू नकोस, त्या परीक्षेत गणिताचा वेगळा पेपर असतो.

एका बाबतीत मात्र मला केलचं पटत नाही. मोठी मुलं नवख्यांना छळतात तेव्हा ती मधे पडते, मार खाते, पुन्हा मधे पडते. तिथवर तिला सलाम. पण डोळा का सुजला असं विचारलं की त्या वाड्यात ‘पडले’ म्हणायची रीत, आणि तीही तेच म्हणते. या रीतीनं छळणाऱ्यांचंच फावतं. तू असं कधी म्हणू नकोस. कुणी त्रास दिला, अंगाला हात लावला, तुझ्या देखत दुसऱ्या कुणाला छळलं, तर नाव घेऊन सांग. घरी सांग, सरांना सांग. आणि रात्री कितीही उशीर झाला असला तरी मला फोन कर.