मोठी डिझेल गाडी : घेण्यापूर्वीचा हिशेब

सातारा, कराड आणि सांगलीच्या रस्त्यांवर मोठ्या डिझेल गाड्यांचे आता कोणाला नवल राहिलेले नाही. एम.एच. ११, एम.एच. ५० आणि एम.एच. १० या पाट्यांच्या उंच, रुंद गाड्या मार्केट यार्डाच्या दारात आणि लग्नाच्या मांडवापुढे रांगेने उभ्या दिसतात. टोयोटाची फॉर्च्युनर २००९ साली भारतात आली आणि पाहता पाहता आपल्या भागात ती मोठेपणाची खूण होऊन बसली. प्रथम पुढारी, मग कंत्राटदार आणि बागायतदार, आणि आता व्यापारीही या गाडीचा विचार करू लागले आहेत. हळद, बेदाणा, लाकूड, भंगार, टायर, फळे अशा व्यवसायांत ज्यांचा जम बसला आहे, त्यांच्या घरात हा विषय निघतोच.

गाडी घ्या किंवा घेऊ नका, असे आम्ही येथे सांगणार नाही. प्रत्येकाची गरज आणि ऐपत वेगळी असते. परंतु जो व्यापारी पोत्यामागे दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, तोच गाडी घेताना केवळ हप्ता किती एवढेच विचारतो, हे बरोबर नाही. गाडीचा हिशेबही मालाच्या हिशेबाप्रमाणेच मांडला पाहिजे. तो कसा मांडावा, हे या लेखात पाहू. खालील आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून गोळाबेरीज धरले आहेत. आपण त्या जागी आपले आकडे घालावेत.

१. गाडीची खरी किंमत

समजा, शोरूममधील किंमत ४० लाख रुपये आहे. या किमतीत जीएसटी आलेला असतो. १५०० सीसीवरील डिझेल गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. त्यापूर्वी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर, असा एकूण ५० टक्के बोजा होता. म्हणजे ४० लाखांपैकी गाडीची मूळ किंमत सुमारे २८ लाख ५७ हजार आणि कर सुमारे ११ लाख ४३ हजार.

त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर येतो. व्यक्तीच्या नावावरील डिझेल गाडीस १० लाखांपर्यंत १३ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १४ टक्के आणि २० लाखांवर १५ टक्के असा दर आहे. म्हणजे आणखी ६ लाख. कंपनीच्या नावावर गाडी घेतल्यास दर २० टक्के, म्हणजे ८ लाख. गाडी कोणाच्या नावावर घ्यायची हे बुकिंगपूर्वी ठरवावे, ते याच कारणासाठी.

१० लाखांवरील गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो. हा वेगळा कर नव्हे. तो आपल्या प्राप्तिकरात जमा धरला जातो. विवरणपत्र भरताना तो मागण्यास विसरू नये.

विमा सोडून आपल्या गाडीची किंमत ४६ लाख झाली. त्यात कराचा वाटा १७ लाखांहून अधिक आहे.

२. उभ्या गाडीचा खर्च

गाडी रस्त्यावर आली नाही तरी दोन खर्च चालूच राहतात. पहिला घसाऱ्याचा. समजा, आठ वर्षे गाडी वापरून ती १८ लाखांस विकली. जुन्या बाजारात एवढी किंमत येणे ही चांगली गोष्ट समजावी. तरीही ४६ वजा १८ म्हणजे २८ लाख रुपये गेले. वर्षाला साडेतीन लाख. दुसरा खर्च विम्याचा. तो वर्षाला सरासरी १ लाख धरू. म्हणजे गाडी दारात उभी ठेवण्याचा खर्च वर्षाला साडेचार लाख. दिवसाला बाराशे रुपयांहून अधिक.

३. चालत्या गाडीचा खर्च

घाट, गर्दी, वातानुकूलन हे सारे धरून लिटरला १० किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरू. किलोमीटरला ९ रुपये. फॉर्च्युनरची टाकी ८० लिटरची आहे. एकदा भरली की ७,२०० रुपये. टायर, सर्व्हिसिंग, ब्रेक, बॅटरी यांचे मिळून किलोमीटरला ३ रुपये. एकूण १२ रुपये.

आता दोन्ही खर्च एकत्र करू :

वर्षाला १०,००० किलोमीटर : एकूण ५,७०,००० रुपये, किलोमीटरला ५७ रुपये.
वर्षाला २०,००० किलोमीटर : एकूण ६,९०,००० रुपये, किलोमीटरला ३४ रुपये ५० पैसे.
वर्षाला ३०,००० किलोमीटर : एकूण ८,१०,००० रुपये, किलोमीटरला २७ रुपये.

यात चालकाचा पगार आणि टोल धरलेला नाही. सातारा-पुणे किंवा सातारा-कोल्हापूर मार्गावर नियमित जाणाऱ्यांनी राष्ट्रीय महामार्गाच्या वार्षिक फास्टॅग पासची चौकशी करावी. खासगी गाड्यांसाठी तो १५ ऑगस्ट २०२५ पासून, ३,००० रुपयांत २०० फेऱ्या या हिशेबाने सुरू झाला. आनेवाडी, तासवडे हे नाके वरचेवर ओलांडणाऱ्यास त्याचा फायदा आहे.

आता याच्या शेजारी २० लाखांची सात आसनी डिझेल गाडी ठेवू. १४ टक्के कर धरून ती २२ लाख ८० हजारांस पडेल. आठ वर्षांनी ७ लाख ८० हजारांस विकली तर घसारा वर्षाला १,८७,५००. विमा ५५,००० आणि चालण्याचा खर्च किलोमीटरला साडेनऊ रुपये धरला, तर २०,००० किलोमीटरला वर्षाचा एकूण खर्च ४,३२,५०० रुपये होतो. फरक २,५७,५०० रुपयांचा. दोन्ही गाड्या खंबाटकीचा घाट चढतात आणि पुण्याला जवळजवळ एकाच वेळी पोहोचतात. वरच्या अडीच लाखांत आपण काय विकत घेतो, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःला द्यावे.

४. रोखीने की हप्त्याने

३६ लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, सात वर्षे मुदत. हप्ता सुमारे ५७,९०० रुपये. सात वर्षांत साडेबारा लाखांहून अधिक केवळ व्याज. जे व्याजापासून दूर राहतात त्यांच्यासाठी हा मार्ग नाहीच. परंतु इतरांनीही हे पाहावे की मंदीच्या वर्षात गिऱ्हाईक थांबते, हप्ता थांबत नाही. 'बिनव्याजी' जाहिरातींतही रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सूट हप्तेवाल्यास मिळते का, हे विचारावे. सूट मिळत नसेल तर तेच व्याज दुसऱ्या नावाने घेतले जात आहे.

रोखीने घेणाऱ्यांचा समज असतो की आपण व्याज वाचवले. ते खरे आहे, परंतु हिशेब तेवढ्यावर संपत नाही. समजा, ४६ लाखांचा माल वर्षात चार वेळा फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यात ३ टक्के निव्वळ सुटतात. वर्षाला ५,५२,००० रुपये. हे भांडवल गाडीत गेले तर ही कमाईही गेली. ज्या व्यापाऱ्याच्या मालाला मागणी आहे आणि भांडवल अपुरे पडते, त्याला ही गाडी पहिल्याच वर्षी साडेचार लाखांस नव्हे, तर १० लाखांस पडते. हळदीच्या हंगामात शेतकऱ्याची पट्टी वेळेवर देता आली नाही, तर दारातील गाडी पत सांभाळत नाही. बाजारात पत वेळेवर दिलेल्या पट्टीने राहते.

५. 'टॅक्समध्ये निघते' हा समज

अनेक बांधव म्हणतात की गाडी धंद्याच्या नावे दाखवली की फुकट पडते. येथे तीन गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली : प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट सामान्य व्यापाऱ्यास मिळत नाही. चालकासह १३ आसनांपर्यंतच्या गाड्यांना ते बंद आहे. गाड्यांची विक्री, प्रवासी वाहतूक आणि वाहन प्रशिक्षण हे धंदे तेवढे अपवाद आहेत. त्यामुळे वरील ११ लाख ४३ हजार परत येणार नाहीत. याउलट मालवाहू टेम्पोवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे आणि नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास त्याचे क्रेडिट मिळते. करपूर्व १० लाखांच्या टेम्पोवर १ लाख ८० हजार सुटतात. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास मात्र कोणतेच क्रेडिट नाही.

दुसरी : प्राप्तिकरात मोटारीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. तोही उरलेल्या किमतीवर, आणि पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. ४६ लाखांवर पहिल्या वर्षी ६ लाख ९० हजार. ही रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. २० टक्के दराने कर भरणाऱ्याचे त्यात सुमारे १ लाख ३८ हजार वाचतात. घरगुती वापराचा हिस्सा वगळला की तेही कमी होतात.

तिसरी : जे लहान व्यापारी उलाढालीवर अंदाजित नफा दाखवून कर भरतात, त्यांना घसारा वेगळा मागता येत नाही. त्यांच्यासाठी या बोलण्यात काहीच अर्थ नाही.

६. डिझेलच का ?

२०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास तफावत होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. डिझेल स्वस्त ही गोष्ट तेव्हापासून पूर्वीइतकी खरी राहिली नाही. पेट्रोल १०४ रुपये आणि लिटरला ९ किलोमीटर, डिझेल ९० रुपये आणि लिटरला साडेबारा किलोमीटर धरले, तर किलोमीटरला सुमारे ४ रुपये ३५ पैसे वाचतात. डिझेल गाडी २ लाखांनी महाग असेल तर ते भरून निघण्यास ४६,००० किलोमीटर लागतात. वर्षाला ८,००० किलोमीटर चालवणाऱ्यास सुमारे पावणेसहा वर्षे.

आणखी एक गोष्ट. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. ती स्वच्छ होण्यास गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग धावावी लागते. रोज सांगली-मिरज एवढेच ये-जा करणाऱ्याची जाळी चोंदते आणि त्याचा खर्च मोठा असतो. काही गाड्यांत डीईएफ नावाचे द्रव्यही वेगळे भरावे लागते.

दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांबद्दलचे निर्बंध दिल्ली परिसरापुरते होते. आपल्याकडे नोंदणी १५ वर्षांची असते. त्या भीतीने कोणी चांगली गाडी मातीमोल विकू नये.

७. पुराचा धोका

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले. नदीकाठी राहणाऱ्यांनी विम्यात इंजिन संरक्षणाचे जादा कलम घ्यावे. साध्या विम्यात पुराचे नुकसान धरले जाते. परंतु पाण्यात उभी गाडी चालू केल्याने इंजिन बिघडले तर तो दावा बहुधा नाकारला जातो. गाडी पाण्यात गेली असल्यास किल्ली फिरवू नये, ओढून न्यावी.

जुनी गाडी घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. सीटखालचे पत्रे गंजलेले आहेत काय, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर चिखलाचे डाग दिसतात काय, आत कुबट वास येतो काय, हे पाहावे. सर्व्हिसिंगची नोंद मागावी. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा असल्यास तो उतरवून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

८. मग कोणी घ्यावी ?

आम्ही तीन कसोट्या सुचवतो. वर्षाला २०,००० किलोमीटरांहून अधिक प्रवास नक्की होणार आहे काय ? गाडीचे पैसे बाजूला काढल्यावर दुकानाच्या भांडवलास धक्का लागत नाही ना ? आणि गाडीचा वर्षाचा एकूण खर्च निव्वळ नफ्याच्या पाचव्या हिश्श्यात बसतो काय ? आपल्या उदाहरणात ६ लाख ९० हजार खर्चास वर्षाचा निव्वळ नफा किमान साडेचौतीस लाख हवा. तिन्हींचे उत्तर होय असेल तर गाडी खुशाल घ्यावी. लांबच्या प्रवासात तिच्यात आराम आहे, मजबुती आहे आणि पुढे किंमतही बरी येते.

एकही उत्तर नाही आले तर लहान गाडी घ्यावी आणि गरजेपुरती मोठी गाडी भाड्याने आणावी. वर्षातून १५ दिवस, रोज ३०० किलोमीटर, किलोमीटरला २० रुपये आणि चालकाचा भत्ता ५०० रुपये धरला तरी ९७,५०० रुपयांत काम होते.

कारागिरांनी तर हा विचार अधिक काळजीने करावा. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे वाद्य पुण्या-मुंबईस पोहोचवण्यास चांगली पेटी आणि बंद टेम्पो पुरतो. हाताशी पैसा आला असेल तर मुरलेले लाकूड, चांगली हत्यारे आणि एखादा शिकाऊ हात यांवर घातलेला रुपया परत येतो. गाडीवर घातलेला रुपया आठ वर्षांनी चाळीस पैसेही राहत नाही.

शोरूममध्ये जाण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात : वर्षाचे किलोमीटर, उभ्या गाडीचा खर्च, चालत्या गाडीचा खर्च आणि धंद्यातून निघणारे भांडवल. तो कागद घरच्यांपुढे आणि आपल्या हिशेबनीसापुढे ठेवावा, आणि मगच बयाणा द्यावा.